संवय कोणास लागली?

ओसरीवरचें शास्त्र

“हल्लीं डांसांच्या औषधांत पूर्वीचा दम राहिला नाहीं, त्यांत भेसळ होते, कीं डांसांनाच त्याची संवय झाली आहे?” अशा आशयाचा प्रश्न या सदराच्या वाचकांकडून, विशेषतः भगिनीवर्गाकडून, दर पावसाळ्यांत येतो. प्रश्न साधा दिसतो, आणि साध्या दिसणाऱ्या प्रश्नांस आम्ही मास्तर लोक फार लौकर उत्तर देतों. “संवय झाली,” असें मीं तीस वर्षें वर्गांत सांगितलें आणि निवृत्तीनंतर ओसरीवर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगितलें. तें उत्तर चूक होतें. चूक कोठें होती हें मला गेल्या भाद्रपदांत मढ येथें एका कोळ्याच्या अंगणांत उमगलें. म्हणून आज ती हकीकत प्रथम सांगतों. शास्त्र मागाहून येईल.

मढ हें मुंबईच्या उत्तर उपनगरांतलें समुद्रकांठचें गांव. जुनी वस्ती कोळ्यांची. मालाडहून मार्व्याच्या वाटेनें सडकेनें जातां येतें; परंतु आम्हां पार्लेकरांस वेसाव्यास जाऊन तरीनें खाडी ओलांडणें सोयीचें पडतें. तेथें माझा एक जुना विद्यार्थी राहतो. वर्गांत तो गणितांत नेहमीं मागें असे; आज स्वतःची होडी बाळगून आहे, आणि डिझेल, बर्फ व खलाशांचे वाटे यांचा हिशेब तोंडीं करतो. त्याची दहा वर्षांची कन्या डेंग्यूनें आजारी होती. तिच्या रक्तांतले प्लेटलेट इतके उतरले कीं दोन रात्री बाप इस्पितळाच्या ओट्यावर बसून होता. पोर वांचली आणि घरीं आली. तिला पाहावें म्हणून मी गेलों.

तरींत समुद्राचा वारा लागला आणि जुन्या पाठांतराची आठवण झाली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत मशकांच्या पांच जाती सांगितल्या आहेत: सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय. त्यांतील पहिलाच समुद्राकडचा! डांस म्हणजे एकच प्राणी नव्हे, त्याच्या जाती निरनिराळ्या, हें आमच्या पूर्वजांनीं पाहिलें होतें यांत संशय नाहीं. मात्र तेवढ्यावरून ‘हिवतापाचें मूळ आम्हांस आधींच ठाऊक होतें’ असा डंका पिटणें बरें नव्हे. डांसाच्या जठरांत हिवतापाचे जंतु प्रथम पाहिले ते रोनाल्ड रॉस यांनीं, २० ऑगस्ट १८९७ रोजीं, सिकंदराबाद येथें. जातींची नोंद करणें निराळें आणि कार्यकारणभाव दाखविणें निराळें. माझी स्वतःची चूकहि याच ठिकाणीं होती: डांस मरत नाहींत ही नोंद माझी खरी होती, कारण खोटें होतें.

पोर ओटीवर पांघरूण घेऊन बसली होती. दिवेलागणीच्या सुमारास धुराचें यंत्र खांद्यास लावलेला माणूस गल्लींतून गेला. पांढऱ्या धुरानें अंगण भरलें. मुलें त्यांतून धांवलीं. म्हाताऱ्या माणसांनीं नाकास पदर लावला. धूर विरला, आणि अर्ध्या घटकेंत कानाशीं पुन्हां गुणगुण सुरू झाली.

“बघा गुरुजी,” माझा विद्यार्थी म्हणाला, “औषधांत कांहीं उरलेलें नाहीं. नुसतें पाणी आणि तेल.”

त्याची आई आंतून म्हणाली, “औषधाला कशाला नांव ठेवतोस? मी लहान असतांना भिंतीला पांढरें औषध मारून गेले, कीं पुढें कितीतरी दिवस डांस दिसायचा नाहीं. आतां त्यांना संवय झाली. होय कीं नाहीं, मास्तर?”

मीं मान डोलावली आणि “आजींचें म्हणणें शास्त्राला धरून आहे,” असें गंभीरपणें सांगितलें.

विद्यार्थी जाळें विणीत होता. त्यानें हात थांबविला. “गुरुजी, राग मानूं नका, पण हें मला पटत नाहीं. संवय व्हायला आधीं जगायला पाहिजे. ज्याला औषध लागलें तो मेला. त्याला संवय कसली? आणि जो जगला त्याला तें लागलेंच नसणार.” मग जाळ्याचा आस बोटांनीं ताणून दाखवीत तो म्हणाला, “हें बघा. यांतून बारीक मासळी सुटते. ती सुटली म्हणून बारीक झाली असें नाहीं. बारीक होती म्हणून सुटली.”

वाचकहो, गणितांत मागें असणाऱ्या त्या मुलापुढें मी त्या दिवशीं निरुत्तर झालों. घरीं येऊन पुस्तकें चाळलीं तों त्याचेंच म्हणणें शब्दशः शास्त्राचें निघालें.

आपल्या स्वयंपाकघरांतला दृष्टान्त घ्या. चाळणींत पीठ घातलें कीं बारीक पीठ खालीं पडतें आणि कोंडा वर राहतो. चाळणीमुळें कोंड्यास जाडें होण्याची संवय लागली असें कोणी गृहिणी म्हणणार नाहीं. कोंडा पिठांत पहिल्यापासूनच होता. चाळणीनें तो निवडून दाखविला एवढेंच. विष ही डांसांची चाळणी आहे. कोणत्याहि जातीच्या लाखों डांसांत जन्मतःच थोडेसे निराळे असे कांहीं असतात. विष येण्यापूर्वीं त्या निराळेपणाचा त्यांना कांहीं उपयोग नसतो. विष आलें कीं इतर मरतात आणि हे उरतात. पुढची प्रजा यांचीच होते आणि आईबापांचा गुण घेऊनच जन्मास येते.

मास्तरकीची खोड म्हणून थोडें गणित मांडतों. समजा, एका वाडींत एक हजार डांस आहेत आणि त्यांपैकीं दहांच्या अंगीं विष सोसण्याचा गुण आहे. फवारणी झाली, नऊशें नव्वद मेले. लोक म्हणतात, काय गुणकारी औषध! परंतु डांसाची मादी एका वेळेस शंभरावर अंडीं घालते. थोड्याच आठवड्यांत वाडींत पुन्हां हजार डांस होतात, आणि आतां त्यांत विष सोसणारे दहा नसतात, बहुसंख्य असतात. दुसऱ्या फवारणीनें थोडे मरतात. तिसरीनें त्याहून थोडे. आंकडे माझ्या कल्पनेचे आहेत, रीत मात्र खरी आहे. औषध पहिल्या दिवशींचेंच आहे, त्यांत भेसळ नाहीं. कोणाहि एका डांसानें आयुष्यांत कांहीं नवें शिकून घेतलेलें नाहीं. आणि तरीहि औषध निकामी झालें आहे.

हे ‘निराळे’ डांस निराळे कसे, हें आतां पाहूं. कीटकाच्या मज्जातंतूंत बारीक दारें असतात. त्यांतून सोडियमचे कण आंत शिरतात, संदेश पुढें जातो आणि दार लगेच मिटतें. डी. डी. टी. हें विष त्या दारांत पाचर मारल्याप्रमाणें बसतें; दार मिटत नाहीं, मज्जातंतु सारखे पेटत राहतात आणि कीटक तडफडून मरतो. परंतु ज्या प्रथिनाचें तें दार घडलेलें असतें, त्या प्रथिनाच्या लांब सांखळींतील एखादाच दुवा ज्या डांसांत बदललेला असतो, त्याच्या दारांत पाचर नीट बसत नाहीं. कांहीं डांसांचा उपाय याहून वेगळा आहे. त्यांच्या शरीरांतील पाचक द्रव्यें, ज्यांस एन्झाइम म्हणतात, इतक्या जोरानें चालतात कीं विष मज्जातंतूंपर्यंत पोंचण्यापूर्वींच तें फोडून निरुपद्रवी करून टाकतात. कांहींचें कवच जाड असतें, त्यामुळें विष आंत झिरपण्यास वेळ लागतो. आणि कांहीं भिंतीवर टेंकतच नाहींत. घरांत येतात, चावतात आणि बाहेर झाडीवर जाऊन बसतात.

यांतली पहिली गोष्ट आपल्या घराच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. आज आपण जी कॉइल लावतों किंवा विजेच्या यंत्रांत जी औषधाची कुपी बसवितों, तिच्यांतील विषें बहुधा पायरेथ्रॉइड या वर्गांतील असतात. शेवंतीच्या कुळांतील एका फुलांत जें कीटकनाशक द्रव्य असतें, त्याच्या नमुन्यावर तीं कारखान्यांत बनविलेलीं आहेत. डी. डी. टी. शीं त्यांचें रासायनिक नातें नाहीं, परंतु घाव तीं त्याच दारावर घालतात. म्हणजे किल्ली नवी, कुलूप जुनेंच. आमच्या आजोबांच्या काळीं डी. डी. टी. नें ज्या डांसांची निवड केली, त्यांच्या वंशजांपैकीं कित्येकांपाशीं आमच्या नव्या विषाविरुद्धची अर्धी तयारी जन्मतःच असते.

ती जुनी निवड कशी झाली, हा इतिहास आपल्या प्रांताच्या अगदीं जवळचा आहे. डी. डी. टी. हें द्रव्य १८७४ सालीं तयार झालें होतें. त्याचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमधील पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं ओळखला आणि १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या मुंबई इलाख्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखालीं १९४६ पासून कानडा व धारवाड जिल्ह्यांतील खेड्यांत घरोघरच्या भिंतींवर तें फवारण्यांत आलें. युक्ति सोपी होती. रक्त पिऊन जड झालेली मादी जवळच्या भिंतीवर विसावते. ती भिंतच विषारी केली कीं दुसऱ्यास चावण्यापूर्वीं ती मरते. गुण इतका आला कीं १९५३ सालीं तीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून देशभर सुरू झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशांत दरवर्षीं साडेसात कोटि लोकांस हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्णांची नोंदलेली संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. आजींच्या लहानपणची ‘पांढऱ्या औषधाची’ कीर्ति खोटी नव्हती.

या यशानें हुरूप येऊन १९५८ सालीं कार्यक्रमाचें नांव ‘नियंत्रण’ होतें तें ‘निर्मूलन’ झालें. त्यानंतर एकच वर्षानें, १९५९ सालीं, पंचमहाल जिल्ह्यांतून वार्ता आली कीं खेडोपाडीं हिवताप पसरविणारा मुख्य डांस, अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस, डी. डी. टी. ला पूर्वीसारखी दाद देत नाहीं. पंचमहाल आज गुजराथेंत आहे. तेव्हां तो आपल्याच द्विभाषिक मुंबई राज्यांत होता. अनपेक्षित असें यांत कांहीं नव्हतें. अमेरिकेंत फळझाडांवरील खवले-किडे फवाऱ्यास जुमानीनासे झाल्याचें मेलँडर नांवाच्या शास्त्रज्ञानें १९१४ सालींच लिहिलें होतें, आणि स्वीडनमध्यें घरमाशा डी. डी. टी. ला १९४६ सालींच पुरून उरल्या होत्या. सूचना मिळाली होती. पण विजयाच्या मिरवणुकींत ती ऐकूं आली नाहीं. १९७६ सालीं देशांत हिवतापाचे रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले.

याचा सारा दोष डांसाच्या निवडीवर घालणें अन्यायाचें होईल. फवारणी वेळेवर झाली नाहीं, देखरेख सैल पडली, औषधें कमी पडलीं, हींहि कारणें होतीं. आणि एक कारण आमच्या घरांतलेंहि होतें. आमचें मूळ गांव कोंकणांत. मी सात-आठ वर्षांचा असतांना फवारणीवाले आले कीं वडील त्यांस ओटी, पडवी आणि माजघर उघडून देत. देवघर आणि स्वयंपाकघर सोंवळ्यांतलें म्हणून बंद राही. ते लोक दाराजवळ तारीख लिहून निघून जात, आणि सणवार जवळ आला कीं आई भिंतींवरचे पांढरे डाग शेणानें सारवून टाकी. ढेंकूण मरत होते तोंवर तिला फवारणीचें कौतुक होतें. पुढें ढेंकूणहि मरेनात, तेव्हां “भिंती बाटवून जातात” एवढीच तक्रार उरली. आईस कोण बोल लावील? घर स्वच्छ ठेवणें हाच तिचा धर्म होता. परंतु सारवणाखालीं झांकलेल्या अर्ध्यामुर्ध्या विषाचा परिणाम असा होतो कीं पूर्ण मात्रेनें जे मरते, असे मध्यम ताकदीचे डांसहि जगतात आणि त्यांच्या वंशांतून पुढचे बळकट निपजतात. १९७६ सालीं, माझ्या मॅट्रिकच्या सुमारास, मला हिवतापानें गांठलें. चार चार पांघरुणांखालीं कुडकुडतांना मीं त्याच सारवलेल्या भिंतीकडे पाहात दिवस काढले.

डी. डी. टी. नंतर मॅलॅथिऑन आलें. महाराष्ट्र व गुजराथ यांतील त्याच डांसांनीं तेंहि कांहीं वर्षांत पचविलें. मग पायरेथ्रॉइड आलीं. सुरत जिल्ह्यांत त्यांनाहि डांस जुमानीत नसल्याचें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. एकामागून एक नवें विष शोधणें म्हणजे अधिकाधिक भोंकांच्या बादलीनें विहीर उपसणें आहे.

मुंबई शहराची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि आशेची जागा तेथेंच आहे. येथें हिवताप पसरवितो तो अॅनॉफिलीस स्टीफेन्साय नांवाचा डांस. त्याचें वर्णन लिस्टन नांवाच्या डॉक्टरानें १९०१ सालीं केलें, तें वऱ्हाडांतील एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथील डांसांवरून. तेव्हां हा डांस शास्त्राच्या दप्तरीं दाखल झाला तो आपल्याच मुलखांतून. तो स्वच्छ पाण्याचा भोक्ता आहे. १९११ सालीं बेंटली यांनीं मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून दाखवून दिलें कीं रोगाचें आगर दलदलींत नसून घरोघरच्या विहिरींत आणि टांक्यांत आहे. १९२८ सालीं कॉव्हेल यांच्या अहवालानेंहि हेंच सांगितलें. विहिरी बंद कराव्या किंवा झांकाव्या असें ठरूं लागलें, तेव्हां पारशी आणि हिंदु अशा दोन्ही समाजांतून धर्माच्या नांवानें हरकती आल्या. तो वाद आज आपणांस जुनाट वाटेल. पण गच्चीवरच्या टांकीचें झांकण गेल्या खेपेस नीट बसलें आहे कीं नाहीं हें पाहण्यास आपल्यापैकीं किती जण वर गेले होते?

हाच डांस आतां परदेशींहि जाऊन पोंचला आहे. आफ्रिकेंतील जिबूती येथें तो २०१२ सालीं आणि इथिओपियांत २०१६ सालीं आढळला, आणि तेथेंहि तो अनेक कीटकनाशकांस दाद देत नाहीं असें दिसून आलें. आपल्याकडे झालेली निवड आतां परक्या देशांतील लेंकरांच्या मुळावर येत आहे.

बेंटलींच्या शोधांतलें मर्म असें कीं डांसाचा बालपणाचा काळ पाण्यांत जातो, आणि तेथें तो आपल्या हातीं असतो. अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आपल्या हवेंत सुमारें आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यांतून एकदां पाणी ओतून टाकलें तर अळीचा डांस होतच नाहीं. आणि ओतलेल्या पाण्याला दाद न देणारी अळी आजवर कोणी पाहिलेली नाहीं! विष सोसणारी अळी आणि न सोसणारी अळी कोरड्या जमिनीवर सारख्याच मरतात. हाच गुण मच्छरदाणीचा. तिच्या जाळींतून शिरण्यासाठीं डांसाला आकारानेंच लहान व्हावें लागेल.

पुन्हां मढच्या अंगणाकडे वळूं. जाळ्याचें मर्म सांगून झाल्यावर माझा विद्यार्थी उठला. “मग हे येतात कुठून, तें तरी बघूं,” म्हणून त्यानें विजेरी घेतली. अंगणांत डागडुजीसाठीं एक होडी अद्याप वर काढून ठेविली होती. तिच्यावरच्या ताडपत्रीस मध्यें खोलगट झोळ पडला होता आणि त्यांत पावसाचें स्वच्छ पाणी सांचलें होतें. विजेरी धरतांच त्यांत असंख्य वळवळे खालींवर करूं लागले. होडीच्या कडेस बांधण्याचे जुने टायर पलीकडे उभे होते. त्यांच्या पोटांत पाणी. नळाचें पाणी ठराविक वेळींच येतें म्हणून भरून ठेविलेलें पिंप. त्याचें झांकण अर्धें तुटलेलें. धुराचें यंत्र या सर्वांच्या शेजारूनच गेलें होतें. धूर मारतो तो उडत्या डांसांस. पाण्यांतल्या अळीस त्याची झळहि लागत नाहीं. सांथीच्या वेळीं उडता डांस ताबडतोब कमी करण्यास त्याचा उपयोग आहे. रोजच्या समाधानासाठीं मात्र तो फुकट जातो. त्यानें नुसतीच चाळणी लागते.

मी मनांत म्हणालों, अशिक्षित वस्तींत असें व्हावयाचेंच. या विचाराचें प्रायश्चित्त मला दुसऱ्याच दिवशीं मिळालें. पार्ल्यास आमच्या गॅलरींत तुळशीची कुंडी आहे. कुंडीखालीं पितळेची थाळी ठेविली आहे, कारण प्रदक्षिणेच्या वेळीं ओघळलेलें पाणी खालच्या बिऱ्हाडावर पडूं नये. ती थाळी मीं उचलून पाहिली. मढच्या ताडपत्रींत होते तेच वळवळे माझ्या तुळशीखालीं होते. पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा एक डांस कुंडीच्या कांठावर निवांत बसला होता. हाच डेंग्यूचा वाहक, आणि हा चावतो दिवसा. आम्ही मात्र कित्येक वर्षें रोज रात्रीं नातवाच्या उशाशीं औषधाची कुपी लावीत होतों. चोर दिवसाढवळ्या घरांत जन्मत होता आणि पहारा आम्ही रात्रीं ठेवीत होतों. शिवाय त्या पहाऱ्याच्या मंद विषानें पुढच्या पिढीचे डांस निवडीत होतों, तें वेगळेंच. सौभाग्यवतीनें थाळी माझ्या हातांतून घेतली आणि “शास्त्र ओसरीवर राहिलें, गॅलरींत आलें नाहीं,” एवढेंच म्हणाली.

महाभारतांत कर्णापाशीं इंद्रानें दिलेली शक्ति होती. ती एकदांच चालावयाची. अर्जुनासाठीं राखून ठेविलेली ती शक्ति त्याला घटोत्कचावर खर्चावी लागली आणि खऱ्या प्रसंगीं हात रिकामा राहिला. कर्णानें ती निदान नाइलाजानें खर्चली. आम्ही आमचीं थोडीं विषें रोज संध्याकाळीं हौसेनें खर्चतों. उद्यां गल्लींत खरीच सांथ आली आणि उडता डांस दोन दिवसांत कमी करणें जीवनमरणाचें झालें, तर तेव्हां चालेल असें एखादें विष शिल्लक राहिलें पाहिजे. विष वापरणें थांबविलें तर विष सोसणाऱ्यांचें प्रमाण कांहीं ठिकाणीं हळूहळू घटतें; पण तें फार सावकाश होतें, आणि तोंवर सांथ थांबून राहात नाहीं.

तेव्हां वाचकांस माझें सांगणें थोडक्यांत असें. आठवड्यांतील एक वार ठरवावा आणि त्या दिवशीं घरांतील सर्व उघडें पाणी ओतून भांडीं कोरडीं करावीं. पिंप, हंडा व फुलदाणी आंतून काथ्यानें घांसावी. कारण डेंग्यूच्या डांसाचीं अंडीं पाण्याच्या वरच्या कडेस चिकटतात आणि कोरडीं राहूनहि महिनोन्महिने जगतात. नुसतें पाणी बदलल्यानें तीं जात नाहींत. गच्चीवरची टांकी घट्ट झांकावी. जी विहीर झांकतां येत नाहीं तींत गप्पी मासे सोडावे. मुलें दुपारीं निजतात तेव्हांहि मच्छरदाणी लावावी. अळ्या पाहावयास आलेल्या पालिकेच्या माणसास ‘आमच्याकडे कांहीं नाहीं’ असें दारांतूनच सांगून परत पाठवूं नये; त्याला देवघराशेजारची गॅलरीहि दाखवावी. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावें. आणि कॉइल किंवा कुपी लावणें भागच पडलें, तर ती पाणी ओतण्याऐवजीं लावूं नये, पाणी ओतून झाल्यावर लावावी.

शेवटीं त्या मुलीविषयीं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणजे उरलेल्या तिहींपासून सुटका होत नाहीं; उलट दुसऱ्या प्रकारानें पुन्हां गांठलें तर दुखणें पहिल्याहून जड जाऊं शकतें. हें मीं तिच्या बापास निघतांना सांगितलें, तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं. आश्विनांत मी पुन्हां गेलों. होडी पाण्यांत गेली होती. टायरांस खालच्या अंगानें भोंकें पाडलेलीं होतीं आणि पिंपावर नवें झांकण होतें. पोर हातांत काठी घेऊन आमच्यापुढें चालली आणि शेजारच्या चार अंगणांतील डबे, करवंट्या व बर्फाच्या जुन्या पेट्या उपड्या करीत गेली. आजी ओटीवरून म्हणाली, “मास्तर, दर रविवारीं हिचें हें असंच चालतें. संवय लागलीय तिला.”

या खेपेस मीं तो शब्द दुरुस्त केला नाहीं.

पुढील अंकीं जुन्या विहिरींचें पाणी पिण्याजोगें कसें ठेवावें याविषयीं लिहीन. आपल्या वाड्यांत विहीर असल्यास तिचें तोंड झांकलेलें आहे कीं उघडें, हें पाहून पत्रीं जरूर कळवावें.